सुकेळी आत घ्यायची वेळ

"ताण आला की तुम्ही काय करता, काकू?" त्या मुलीनं विचारलं. समाजकार्याच्या अभ्यासासाठी ती विसरण्याचा आजार जडलेल्या माणसांच्या घरच्यांना भेटत होती. गिरीज गावात आमच्याकडेही आली होती.

"भांडी आपटते," मी म्हटलं. "दुसरं काय करणार? नाचू?"

ती हसली नाही, लिहून घेतलं. मला तिचा रागच आला. सासूबाई मला ओळखत नव्हत्या. दिवसभर बऱ्या असायच्या, पण उन्हं कलली की फाटकाकडे धावायच्या. मी धरून आत आणायची, तर नखं मारायच्या. नणंदेनं नायगावजवळ एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. हो की नाही ते रविवारपर्यंत मला सांगायचं होतं. नवरा म्हणाला, "करतेस तू, तर ठरव पण तूच." वा रे वा! खरं सांगते, मनातून माझं 'हो' झालंच होतं. पार पिचून गेले होते मी.

तेवढ्यात उन्हं कलली आणि आई, म्हणजे सासूबाई, उठल्याच; मी हात धरला. "अगं सोड मला! दव पडेल!" हे तर रोजचंच. पण त्या मुलीनं सहज विचारलं, "दव पडलं तर काय होतं?"

"सुकेळी खराब होतात," मी बोलून गेले आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला.

आमच्या वाडीतली राजेळी केळी सोलून आई मांडवावर वाळवायच्या. दिवसभर ऊन द्यायचं आणि दव पडायच्या आत केळीच्या पानात गुंडाळून घरात आणायची. जन्मभर केलं त्यांनी हे. गुडघे गेले तेव्हा मांडव मोडला. तो मांडव होता फाटकापलीकडे; तिथेच त्या धावत होत्या, आणि आम्ही समजत होतो, बाई माहेरी निघाल्यात.

दुसऱ्या दिवशी मी दोन फण्या सोलून अंगणातल्या बाजेवर मांडल्या. संध्याकाळी आई उठल्या. बाजेपाशी थांबून त्यांनी एकेक केळं उलटून पाहिलं.

"कोणी मांडलीत ही? एकाला एक चिकटवून! अक्कल नाही मेली!"

मग दोघींनी मिळून ती आत नेली. फाटकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही हं. आंघोळीला अजूनही महाभारत होतं. पण संध्याकाळ तरी निवांत जायला लागली.

रविवारी पान उलगडून आईंनी पहिलं सुकेळं माझ्या तोंडात घातलं. "कोणाची गं सून तू?"

"तुमचीच."

"हॅट! माझी असतीस तर अशी रोडावू दिली असती?" माझं मनगट त्यांनी चाचपून पाहिलं. "सासूला सांग तुझ्या, हिला जरा जप म्हणावं."

इतक्या दिवसांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. तोंडात सुकेळं तसंच आणि मी ढसाढसा रडले. मग नणंदेला फोन लावला.

"वन्सं, आई इथेच राहतील. पण दर रविवारी तुम्ही यायचं केळी सोलायला, आणि मी झोपणार. मला जपायला सांगितलंय तुमच्या आईनं."