अक्कांची आंबोली

गाडी सुरू करायच्या आधी अक्का चारही चाकांना चपलेच्या टाचेनं एकेक लाथ घालायच्या आणि म्हणायच्या, "उठा गं बायांनो, दिस उगवला." मग पदर खोचून आत बसायच्या. गल्लीतली पोरं हसायची, बायका गॅलरीतून बघायच्या. मला मात्र कधी हसू आलं नाही. चौथी लाथ बसली की आता आपल्याला शेजारी बसायचंय, एवढंच मला कळायचं.

अक्का म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. माहेर करकंबचं. लग्न होऊन वर्ष भरायच्या आत नवरा गेला, तेव्हा वडिलांनी नर्सिंगला घातलं. मग सगळी नोकरी वळसंगच्या बाजूच्या खेड्यांतून झाली. लुनावर बसून, बाळंतपणाची पिशवी पुढं अडकवून ही बाई उन्हातान्हात फिरली. रिटायर झाल्यावर सोलापूरला आमच्याकडं राहायला आल्या. पुढं आमचे हेही गेले, आणि घरात आम्ही दोघीच उरलो, नणंद आणि भावजय. लोक म्हणायचे, कसं पटतं तुमचं? पटायला काय, त्या बोलायच्या आणि मी भ्यायची!

हो, मी भित्री. कुकरची शिट्टी अडकली तरी मी अंगणात पळते. लिफ्टमध्ये बसत नाही. अक्कांना याचं कधी हसू आलं नाही, हे त्यांचं मोठेपण. म्हणायच्या, "भ्यायला लाज कसली गं? बाळंतपनाला आलेली बाई भितीच की. मी काय तिला भिऊ नगो म्हनायची व्हय? मी म्हनायची, भी बाई, लई भी, पर हातपाय गाळू नगो, मला तुजं काम हाय."

प्रसादनं, माझ्या मुलानं, पुण्यात नवी गाडी घेतली आणि जुनी आमच्या दारात आणून लावली. त्याच्या मनात होतं की आम्ही कधीमधी ड्रायव्हर बोलावू. अक्कांनी ड्रायव्हर बोलावला नाही, गल्लीतल्या रफिकभाई रिक्षावाल्यांना बोलावलं आणि साठी उलटल्यावर गाडी शिकून घेतली. मी तोवर हे गेल्यापासून गल्लीच्या टोकापलीकडं जायची बंद झाले होते. अक्कांनी मला नव्या पेठेत नेलं, दवाखान्यात नेलं, एकदा नुसतंच तळ्यावर भजी खायला नेलं. मी प्रत्येक वेळी दाराची मूठ धरून बसायची. पण बसायची. ती गाडी होती म्हणून आमच्या घराला दार होतं म्हणा ना.

एका उन्हाळ्यात, पाणी पाचव्या दिवशी आलं आणि तेही तासभर, तेव्हा बादल्या भरता भरता अक्का थांबल्या आणि म्हणाल्या, "निर्मले, मला धबधबा बघायचाय."

"टीव्हीवर दाखवतात की."

"टीव्हीवरचा न्हाय गं. सारा जलम पानी मोजून वापरलं. आता पानी नुसतं सांडतंय आन कुनी कुनाला रागवत न्हाय, आसं एकदा डोळ्यांनी बघायचंय."

आंबोली ठरली. जायलाच दोन दिवस, आपली गाडी, अक्का चालवणार. त्या दिवसापासून माझी झोप गेली. वर्तमानपत्रात दरड कोसळल्याची बातमी आली की मी पान उघडंच ठेवायची, अक्कांना दिसेल असं. त्या वाचायच्या, घडी घालायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये आपल्या वाटंवर न्हाय."

त्यांनी तयारी मात्र जीव लावून केली. आमच्या सोलापुरात डोंगर कुठला? चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल, बास. महिनाभर रोज सकाळी रफिकभाईंच्या देखरेखीखाली अक्का तो पूल चढल्या. मध्यावर गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, मागचे लोक हॉर्न मारून जीव काढतायत तरी घाई करायची नाही, आणि गाडी मागं न सरकवता पुढं काढायची. रफिकभाई म्हणायचे, "अक्का, सेकंड में डालो, फिर घाट का बाप भी आया तो गाडी पीछे नै आती." माणूस भला, पण त्यांनीही घाट कधी पाहिला नव्हता, हे आम्हाला पुढं कळलं.

माझ्याकडंही एक काम होतं. गाडी चढावर मागं सरकायला लागली तर मी उडी मारून चाकामागं वरवंटा लावायचा. मिक्सर आल्यापासून पाटा-वरवंटा पडूनच होता, तो अक्कांनी पोत्यात गुंडाळून माझ्या पायाशी ठेवला. पुलावर त्याचीही प्रॅक्टिस झाली. मी दार उघडायची, वरवंटा उचलायची, चाकामागं ठेवायची. जाणारे-येणारे बघत राहायचे. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

प्रसादला कळलं तेव्हा फोनवर आवाज चढला. "आत्या, अजिबात नाही. मी दिवाळीला येतो, मी नेतो."

"दिवाळीला पानी आटतंय रं."

"बरं. मग ऐक. परत आल्यावर गाडीवर एक ओरखडा दिसला ना, तर मी ती विकून टाकणार. मग रिक्षानं फिरा."

अक्कांनी फोन या कानावरून त्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "इक. वरखडा दिसला तर किल्ली मीच तुज्या हातात देते. पर न्हाय दिसला तर पुना कवा इचारायचं न्हाय मला, कुटं चाललीस म्हनून."

फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "आता तू भ्यायचं काम नीट कर. मला मागनं कोन येतंय ते सांगत ऱ्हा."

श्रावणाच्या तोंडाशी निघालो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. सांगोला, मिरज करत पहिल्या दिवशी गडहिंग्लजला मुक्काम. दुसऱ्या दिवशी आजऱ्यावरून पुढं. हिरवं इतकं की डोळ्यांना सवय नाही. मी वरवंट्यावर पाय ठेवून तयारीत. आता घाट लागेल, मग लागेल. रस्ता थोडा वर जायचा, थोडा वळायचा, पण आमच्या पुलाएवढाही चढ लागेना. आणि आंबोलीची पाटी आली!

पावसात चहाच्या टपरीशी अक्कांनी काच खाली केली. "आवो दादा, घाट कुटं लागतो?"

"घाट? हा काय, हितनं फुडं. धबधबो खाली आसा, घाट उतरलात की."

"उतरायचा?"

"मग? तुम्ही वरच आसात ना आता."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी अक्कांकडं. आम्ही देशावरची माणसं, आधीपासून वरच होतो. महिनाभर चढायचं शिकलो होतो, आणि देशावरून कोकणाकडं जाणारा घाट उतरतो, हे रफिकभाईंसकट आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुलाचा उतार तो केवढा? ब्रेकवर पाय ठेवला की संपला.

"अक्का, इथंच थांबू. धुकं बघा किती आहे."

"हितवर येऊन?" अक्का म्हणाल्या. पण त्यांनी चहा अर्धाच प्यायला, हे मी बघितलं.

धुकं इतकं की गाडीचं नाक दिसेना. अक्कांनी पुलावर करायच्या तसं केलं, ब्रेकवर पाय ठेवला आणि ठेवलाच. धबधबा आला तो आधी ऐकू आला. मग धुक्यातून काहीतरी पांढरं, उंच, हलणारं. माणसांची ही गर्दी, गाड्या दोन्ही बाजूंना, आणि रेनकोट घातलेला हवालदार शिट्टी फुंकून ओरडत होता, "थांबू नका, चला, पुढं चला!" थांबायला जागाच नव्हती. अक्का मान वळवून बघतायत तोवर धबधबा मागं गेला.

"वळवू फुडं कुटंतरी," त्या म्हणाल्या. पण वळवायला जागा येईना. वळणामागून वळण, डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला नुसतं पांढरं. त्या पांढऱ्याला तळ आहे की नाही, कळत नव्हतं. मी देवाची नावं घेत होते. तेवढ्यात वास आला. रबर जळल्यासारखा, उग्र.

"अक्का, काहीतरी जळतंय."

अक्कांनी ब्रेक दोनदा दाबून बघितला. मग अगदी हळू आवाजात, खोलीत कुणी झोपलंय अशा बेतानं म्हणाल्या, "निर्मले, ब्रेक आत चाललाय गं. लागत न्हाय."

 पुढं वळण, त्याच्या तोंडाशी एका ट्रकचा लाल दिवा. गाडी धावायला लागली होती. अक्कांना त्या वेळी काय सुचलं असेल? काहीच नाही, असं त्या नंतर म्हणाल्या. "मला एकच शिकवलं हुतं, त्येच केलं." त्यांनी गिअर ओढून सेकंडमध्ये घातला. इंजिन असं ओरडलं की मला वाटलं, फुटलं. पण गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी हळू झाली. "पाय वर घिऊन बस," अक्का म्हणाल्या, त्यांनी हँडब्रेक ओढत ओढत स्टिअरिंग डावीकडं दाबलं आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत, खरखर करत गटारात जाऊन बसली.

शांत झालं. पाऊस पडत होता. आणि मी, मला आजही कळत नाही कसं, दार उघडलं, वरवंटा उचलला आणि पळत जाऊन चाकामागं लावला.

"अगं फुडं लाव! फुडं!" अक्का आतून ओरडल्या. "आपन उतारावर हाय!"

मी वरवंटा उचलून पुढं नेला, आणि तिथंच चिखलात बसून रडायला लागले.

मागून आलेल्या दोन-तीन गाड्यांतल्या माणसांनी आम्हाला बाहेर काढलं. ब्रेक थंड होऊ दिले, मग त्यांच्यातल्याच एकानं गाडी खालच्या गावापर्यंत उतरवून दिली. तिथं मेकॅनिक भेटला, लॉजही मिळालं. डाव्या दोन्ही दारांवर, पुढून मागपर्यंत, खरवडलेली पट्टी. मी म्हटलं, "अक्का, सोलापूरला जाऊन रफिकभाईंच्या ओळखीतून रंग मारून घेऊ. प्रसादला कुठं कळतंय?"

अक्का पदरानं तोंड पुसत होत्या. "ही गाडी सोडून गेली तर माजं काय व्हईल, त्ये मला ठाव हाय गं. पर शब्द दिलाय की." आणि त्यांनीच फोन लावला. म्हणाल्या, "प्रसाद, आमी बऱ्या हाय. दारं खरवाडली. यिऊन किल्ली घिऊन जा."

रात्रीच्या बसनं निघून प्रसाद दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला जवळ घेतलं, अक्कांच्या पाया पडला आणि मग गाडीभोवती फिरला. त्या पट्टीवरून त्यानं तळहात फिरवला. अक्कांनी किल्ली पुढं केली. त्यानं घेतली. 

चढताना तोच गाडी चालवत होता. अक्का मागं बसल्या होत्या, पहिल्यांदाच, आणि किती लहान दिसत होत्या. इतकं लवकर होतं की धबधब्याशी कुणी नव्हतं. प्रसादनं गाडी लावली. अक्का उतरल्या, कठड्याशी गेल्या, छत्री मिटून काखेत धरली आणि भिजत उभ्या राहिल्या. बराच वेळ. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "किती सांडतंय गं. कुनी नळ बंद करा म्हनंना."  

तिथंच प्रसादनं मला विचारलं. अक्कांच्या समोर, हे बरोबरच केलं त्यानं. "आई, खरं सांग. परत बसशील आत्याच्या गाडीत?"

सगळं माझ्यावर आलं. मी नाही म्हटलं असतं तर तो प्रश्न तिथंच संपत होता. माझ्या भीतीपुढं अक्काही काही बोलल्या नसत्या. मला ते पांढरं आठवलं, तो वास आठवला. 

"भीती वाटते रे," मी म्हटलं. "फार वाटते. पण ब्रेक लागेना तेव्हा मी ओरडायच्या बेतात होते आणि त्या ओरडल्या नाहीत. मला पाय वर घेऊन बस म्हणाल्या. बसेन मी. घाटात नाही बसणार. सोलापुरात बसेन."

"म्हंजे निम्मी पास," अक्का म्हणाल्या. पण त्यांनी तोंड धबधब्याकडं फिरवलं होतं.

अक्कांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यानंतरही त्यांनी गाडी चालवली, अगदी दुखणं अंगावर येईपर्यंत. दारावरची ती पट्टी त्यांनी कधी रंगवू दिली नाही. पण आठवायचं म्हटलं तर मला दुखण्यातल्या अक्का आठवत नाहीत. मला आठवतो त्या दिवशी धबधब्यावरून परतताना लागलेला, आजऱ्याच्या पुढचा सरळ रस्ता. प्रसादनं गाडी कडेला घेतली, उतरला, किल्ली तशीच ठेवली आणि मागं जाऊन बसला. अक्का उतरून पुढं आल्या. सीट पुढं ओढली, पदर खोचला, आरसा वाकडा करून मागं बघितलं. प्रसादनं दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती.

"डोळं उघड बाळा," अक्का म्हणाल्या. "आजून गाडी सुरू केली न्हाय मी."

प्रसाद हसला. त्याला मागून दिसत नव्हतं. मी शेजारी बसले होते, मला दिसत होतं. साडीच्या निऱ्यांखाली त्यांचा उजवा पाय ब्रेकवर लटलट हलत होता. मी पट्टा लावला आणि मागं वळून बघितलं. रस्ता मोकळा होता.

"मागनं कुणी येत नाही, अक्का," मी म्हटलं. "चला."