पावडरीला पाणी पाजलं तेव्हा

"मॅडम, पावडर फुगतेय."

फोनवर जनादादा होते. जनार्दन कोळी, मूळचे उरणचे, आमच्या गोदामाचे सुपरवायझर. मी पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या घरून निघून कोनजवळ, म्हणजे गोदामाच्या जवळ, पोचले होते. स्कूटर कडेला घेतली.

"फुगतेय म्हणजे?"

"आमी पाणी मारतोय आनि ती वाढतेय. सायेब बोलतात, आजून मारा."

"पाणी? आधी पाइप बंद करा!"

"मी केलेला बंद. सायबांनी परत चालू केला."

मी केमिकलच्या गोदामात सेफ्टी ऑफिसर आहे. नातेवाइकांना वाटतं, मी दिवसभर आगीशी आणि विषारी वायूंशी झुंजते. प्रत्यक्षात माझा बराचसा दिवस लोकांना हेल्मेट डोक्यावर घाला, हातात धरू नका, हे सांगण्यात जातो. आमच्याकडे राहणारा मालही बहुतेक गरीब स्वभावाचा. ही फुगणारी पावडर त्यातलीच. लहान बाळांच्या डायपरमध्ये असते ती. ना सहज पेटते, ना भाजते. दिसायला जाडसर साखरेसारखी. तिला एकच काम येतं, पाणी पिणं. स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिते आणि त्याची जेली करून धरून ठेवते. म्हणून ती कोरड्या जागी, पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटीवर ठेवायची. सांडली तर मास्क लावून, धूळ न उडवता, कोरडीच गोळा करायची. पाणी लावायचं नाही. हे तिच्या सेफ्टी शीटवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं.

आमचे मॅनेजर सबनीस साहेब आमच्याकडे नवीन होते. आधीची सगळी नोकरी बिस्किटांच्या गोदामात झालेली. जमिनीवर काहीही सांडलं की त्यांच्या लेखी उपाय एकच: पाणी मारा. त्यात त्या दिवशी डायपर कंपनीची ऑडिटर येणार होती. गोदाम पसंत पडलं तर त्यांचा सगळा माल आमच्याकडे, नाहीतर आहे तोही जाणार. नेमक्या त्याच सकाळी फोर्कलिफ्टचा दात लागून गोण्या फाटल्या आणि साहेबांनी पाइप मागवला.

मी पोचले तेव्हा गोदामाच्या मधोमध भिजवलेल्या साबुदाण्याचं तळं झालं होतं. चमकदार, थलथलीत, घोट्याच्या वर. तळ्याच्या मध्यभागी एका रिकाम्या पॅलेटवर सबनीस साहेब उभे होते. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. हातात पाइप.

"वैशाली, अजून थोडं मारलं की वाहून जाईल," ते म्हणाले.

"सर, ती वाहत नाही. ती पिते."

"किती पिणार? कधीतरी पोट भरेल ना!"

मी मागे जाऊन पाण्याचा मुख्य वॉल्व्हच बंद केला आणि त्याला कुलूप लावलं. मग टेप बांधून जागा अडवली, गटाराच्या जाळीवर प्लास्टिक टाकून विटा ठेवल्या, आणि सगळ्यांना गमबूट घालायला लावले. जेली विषारी नव्हती, पण तिच्यावरून पाय घसरला तर डोकं काँक्रीटवरच आपटणार. साहेब दोनदा पडले होते. पॅलेट सोडायला ते तयार नव्हते.

"जनादादा, जाडी जेली फावड्यांनी ड्रममध्ये भरा. आणि मला मीठ हवंय. खडे मीठ. गोणीभर."

जनादादांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. "मी बोलनारच होतो मॅडम. नजर लागलीय आपल्या गोदामाला."

"नजर नाही हो. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसंच. मीठ पडलं की ही जेली धरलेलं पाणी सोडते. मग पुसून घेता येते."

पॅलेटवरून आवाज आला, "मिरच्या आणि मोहरीपण मागवा! कशाला कसर ठेवायची?"

कँटीनमध्ये मिठाची एक पिशवी निघाली. ती तळ्याच्या काठालाच संपली. जनादादांच्या मेव्हण्याचा सुक्या मासळीचा धंदा. त्याचा टेम्पो उरणहून पनवेलच्या बाजारात आला होता. त्यांनी फोन लावला. "मीठ हाय ना रे गाडीत? मंग ये कोनला. नाय नाय, मासली नको. नुसता मीठ."

टेम्पोच्या आधी ऑडिटर आल्या. फर्नांडिस मॅडम. बारीक अंगाच्या, केस पांढरे, स्वतःचं हेल्मेट स्वतः घेऊन आलेल्या. साहेबांनी लांबूनच हात जोडले. "या मॅडम! आधी चहा घ्या. कँटीन त्या बाजूला."

"आधी गोदाम," त्या म्हणाल्या आणि टेपपाशी येऊन उभ्या राहिल्या. "हे काय आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "मॉक ड्रिल! खास तुमच्यासाठी."

मॉक ड्रिल म्हणजे अपघाताची रंगीत तालीम. सांडलंय असं समजायचं आणि धावपळ करायची. इथे तर सगळं खरंच सांडलं होतं.

"अच्छा. आणि तुम्ही तिथे वर काय करताय?"

साहेबांनी स्वतःच्या मोज्याकडे पाहिलं. "मी... जखमी आहे."

"मग उभे कसे?"

साहेब ताबडतोब आडवे झाले.

फर्नांडिस मॅडम माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नव्हती. "जखमी चालत बाहेर येत नाही. स्ट्रेचर कुठे आहे तुमचा?"

स्ट्रेचर होता. आम्ही फळ्या टाकून वाट केली आणि चौघांनी साहेबांना उचललं. साहेब अंगाने भरलेले. वाटेत त्यांनी एकदा मान वर करून "हळू रे" म्हटलं, तसे जनादादा ओरडले, "सायेब, हलू नका! तुमी जखमी हाव! आमी घसरलो तर खरे जखमी व्हाल!"

त्याच क्षणी टेम्पो आला. मीठ मासळीवरचंच होतं. दार उघडताच बोंबील, सुकट आणि मांदेली यांच्या वासाने गोदाम भरून गेलं. स्ट्रेचरवरून साहेब क्षीण आवाजात म्हणाले, "हा वास ड्रिलमध्ये नाही."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "या ड्रिलच्या रिपोर्टवर सही कोण करणार?"

"मी," मी म्हणाले. हा करार गेला तर साहेब मला सोडणार नाहीत, हे कळत होतं. पण खोट्या रिपोर्टवर सही केली, तर पुढच्या खऱ्या अपघातात माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल? "मॅडम, हे ड्रिल नाही. गोण्या फाटल्या, पाणी मारलं गेलं. ते चुकलं. त्यानंतरचं सगळं तुमच्यासमोर आहे."

"माहीत आहे. ड्रिलसाठी इतका महागाचा माल कोणी भिजवत नाही."

"मग स्ट्रेचर कशाला मागवलात?"

"तुमची माणसं उचलतात कशी, ते बघायचं होतं," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच हसल्या. "आणि त्यांना थोडं आडवं ठेवायचं होतं."

मिठाने काम केलं. जेली विरघळल्यासारखी सैल झाली, पुसून निघाली. गटारात काही गेलं नाही. भरलेले ड्रम कचरा नेणाऱ्या एजन्सीने नेले. मॅडमनी रिपोर्टात मोठा शेरा मारला, सगळ्यांना ट्रेनिंग देण्याची अट घातली, आणि ती पूर्ण झाल्यावर करार दिला. ट्रेनिंगला सबनीस साहेब पहिल्या रांगेत बसले होते. माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, मग एक दिवस स्वतःच सेफ्टी शीट घेऊन आले आणि एका शब्दाचा अर्थ विचारला.

तेव्हापासून ट्रेनिंगमध्ये मी एक गोष्ट न विसरता सांगते. लेबलवर 'कमी धोकादायक' लिहिलेलं असतं, ते फक्त पावडरीबद्दल. तिच्याजवळ पाइप घेऊन कोण उभं राहणार आहे, ते कंपनीला छापता येत नाही.