फुकटच्या शिट्ट्या आणि सातवं कलम

सुरक्षा एजन्सीच्या मालकाने मला फसवलं आणि आमच्या प्राचार्यांनी त्याला साथ दिली. करार मीच ठरवला होता, हे आधीच सांगतो. नाहीतर ते दोघं सांगतील.

मी लातूरच्या एका कॉलेजात कायदा शिकवतो. अर्धापूरला केळीच्या व्यापाऱ्यांशी भांडतच मोठा झालो, म्हणून घासाघीस आली की कॉलेज मला पुढे करतं. एजन्सीच्या मालकाला मी घाम फोडला. गार्डांच्या शिट्ट्या, बॅटऱ्या, रेनकोट, सगळं फुकट उकळलं. तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, मग सातवं कलम तरी राहू द्या." गार्डच्या वागण्याला एजन्सी जबाबदार नाही, असं ते कलम. "राहू द्या," मी म्हणालो. मी शिट्टी वाजवून बघण्यात दंग होतो.

त्याच काळात माझा पीएच.डी.चा प्रबंध चालू होता. विषय, खासगी लष्करी कंपन्या आणि राज्यसत्ता. सरकार भाड्याच्या माणसांहाती बंदुका देतं. कुणी मेलं की सरकार कंपनीकडे बोट दाखवतं आणि कंपनी कराराकडे. परदेशातले असले करार मी ओळ न् ओळ वाचले होते.

प्रबंध नांदेडला विद्यापीठात जमा करायचा शेवटचा दिवस आला आणि नेमकी त्याच दिवशी लातूरला जत्रेची स्थानिक सुट्टी. बाइंडिंग केलेल्या प्रती स्टाफरूमच्या कपाटात. गेटला कुलूप, आत उदगीरकडचा गार्ड.

"सर, आज कुणालाच आत सोडायचं न्हाई."

"अरे, मला ओळखतोस ना?"

"लई चांगलं वळखतो. म्हणूनच इज्जतीनं बोलायलोय."

मी गेट गदागदा हलवलं, नको ते बोललो. त्याने शिट्टी फुंकली. मीच मिळवून दिलेली. खणखणीत होती. रस्त्यावरची माणसं थांबून मला बघू लागली.

प्राचार्यांना फोन लावला. "तो आपला माणूस नाही हो. एजन्सीला विचारा."

मालकाला लावला. "सर, गार्ड कॉलेजच्या हुकमानं चालतो. आणि सातवं कलम तर तुम्हीच..."

मी फोन कापला. नांदेडला वेळेत पोचेल अशी शेवटची बसही तोवर निघून गेली.

आता मुदतवाढीचा अर्ज घेऊन फिरतोय. त्यात कारण काय लिहू? भाडोत्री बळाचा अभ्यासक भाडोत्री बळाने गेटवर अडवला?

गार्डवर माझा राग नाही. पण गेट बंद ठेव, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते कोण, हे प्राचार्यांनी सांगावं. फोनवर नको. सही करून सांगावं.