लुगड्याचा फेटा

चावडीपुढं मांडव घातला होता. लढाईवरून परतलेल्या गावच्या जवानांचा सत्कार. एकेकाला वर बोलावून फेटा बांधायचा, नारळ द्यायचा. माझं नाव पुकारलं. मी काठी टेकत चढलो, गुडघ्यात सरहद्दीवरचा छर्रा होता, त्यापायीच फौज सुटली होती. कारखान्याच्या चेअरमननी, आबांनी, माझ्या हातात ताट दिलं. ताटात हिरवं लुगडं, खण आणि बांगड्या.

"घ्या हवालदार, तुमास्नी शोभंल असंच आनलंय."

मांडव हसला. पुढंच बसलेल्या माझ्या आईनं तोंडावर पदर ओढला.

मी आमदारकीला अर्ज भरला होता, आबांच्या पुतण्याविरुद्ध. आदल्या दिवशी त्यांनी मला मळ्यात बोलावून घेतलं होतं. "आष्ट्याच्या त्या टेलरकडं कशापायी राहतोस, आमास्नी ठावं हाय. अर्ज मागं घे, आमी गप." मी नाही म्हणालो. म्हणून हे ताट.

तो टेलर म्हणजे माझं माणूस. दर सुट्टीत मी त्याच्या दुकानामागच्या खोलीत राहायचो. लढाईत मरणाला भ्यालो नाही, पण हे कुणाला कळेल म्हणून जन्मभर भीत आलो होतो. त्या मांडवात ती भीती गेली. लय राग आला.

ताट खाली ठेवलं. लुगड्याची घडी मोडली, पीळ घातला आणि डोक्याला बांधायला लागलो. नऊवारी ते, फेट्याला पुरून उरलं. शेमला पाठीवर सोडला. हसणं थांबलं.

"व्हय," मी म्हणालो, "माझा जीव गडीमाणसावर हाय. चोरी न्हाई केली. आमी तिकडं लढत हुतो तवा लुगडं नेसणाऱ्या बायांनीच हितली शेती वढली. आबा, ह्यात लाजायचं काय?"

निवडणुकीत सपाटून पडलो. आष्ट्यातलं दुकान लोकांनी फोडलं, शिलाई मशीन विहिरीत टाकलं. तो कुठं गेला, आजवर कळलं नाही. बोललो मी आणि भोगलं त्यानं. ते दुखणं जात नाही. आईनं लुगडं धुऊन ट्रंकेत ठेवलं.

आता पुन्हा निवडणूक आलीय. सांगलीहून एका पक्षाची माणसं जीप घेऊन आली. या खेपेला वारं माझ्या बाजूनं आहे म्हणे.

"तिकीट तुमचंच. फकस्त जुनं काय काढू नगा. आनि त्यो हिरवा फेटा नगं."

मी ट्रंक उघडली. त्यांच्यासमोर फेटा बांधला.

"विधानसभेत शपथ घेताना बी ह्योच असंल. जमत नसंल तर जीप न्या माघारी."

जीप गेली. मी फेट्यानिशी आष्ट्याच्या एसटीत बसलो. अपक्ष म्हणून पहिली सभा त्या फोडलेल्या दुकानापुढंच घेणार आहे.