धरणगावात महायुद्ध लांबलं, त्याची गोष्ट

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, एक जागा सोडून. कुठली ते शेवटी सांगेन. मधे विचारायचं नाही!

कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये दिवसभर काम केलं की संध्याकाळी अंगावर रुई चिकटलेली असते. केव्हा चिकटली, कळत नाही; झटकली की उडते. आमच्या नाटकमंडळींचे किस्से तसेच. ऐंशीच्या दशकातली, गावात टीव्ही दोन-तीनच होते तेव्हाची ही रुई आहे. चार जण झटकायला बसले की आवरत नाही.

*

जिनिंगच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. इतिहास शिकवणारे बोरसे सर तिथे रोज एखादा प्रश्न टाकायचे. एकदा म्हणाले, "युरोपातलं दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा संपलंच नसतं, आणखी दोन वर्षं चाललं असतं, तर?"

कापसाचे व्यापारी कन्हैयाशेठ लगेच म्हणाले, "तर माझ्या वडिलांना कापूस ठेवायला दुसरं गोदाम लागलं असतं."

जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारे आमचे मधुभाऊ जरा विचारात पडले. त्यांचे वडील त्या युद्धात शिपाई होते. परत आले आणि मग लग्न केलं. मधुभाऊ म्हणाले, "वडील दोन वर्षं उशिरा आले असते, मी दोन वर्षं उशिरा जन्मलो असतो. मॅट्रिकला दोनदा नापास झालो, ते कुणाला कळलंच नसतं!"

सरांनी कप खाली ठेवला. "गणपतीतल्या नाटकाला विषय मिळाला!"

*

पात्रं ठरवायला वेळ लागला नाही. पडद्याचं कापड शेठजींनी दिलं होतं, म्हणून जिंकायचा मान त्यांचा. ते इंग्रज सेनापती. हरणारा जर्मन सेनापती मधुभाऊ, कारण भुसावळच्या एका रिटायर गार्डाचा काळा कोट त्यांनाच बसला. आणि मी प्रॉम्प्टर, कारण मला पाठ काहीच होत नाही.

सरांनी दोन अंक झोकात लिहिले. युद्ध लांबतं, इंग्रज आणखी थकतात.

मी विचारलं, "सर, मग आपलं स्वातंत्र्य लवकर येतं की उशिरा?"

"तेच तर तिसऱ्या अंकात!"

तिसरा अंक मात्र त्यांनी शेवटपर्यंत लिहिलाच नाही. एकच ओळ दिली: 'जर्मन सेनापती पांढरा रुमाल दाखवून शरण येतो.' "बाकी तुम्ही सांभाळा," म्हणाले.

*

रंगीत तालमीला रशियातला बर्फ पाडायचा होता. कापसाच्या गावात बर्फाची काय टंचाई! वरून रुई सोडली आणि बाजूने टेबलफॅन लावला. मधुभाऊ "पुढे चला!" म्हणायला गेले आणि तोंडात रुई गेली. ठसका, मग शिंका.

सर खूश. "थांबवू नका! रशियात थंडी असतेच!"

तेवढ्यात इंग्रज सेनापतींनी खाली वाकून चिमूटभर बर्फ उचलला, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूच ओढला आणि तोंड वाकडं केलं, "धागा आखूड आहे."

जर्मन सेनापती शिंका विसरले. "आखूड? शेठ, हा माझ्या हातचा माल आहे!"

त्या दिवशी खरं युद्ध पेटलं ते तिथे.

*

आता घरचं युद्ध. तालमीच्या नादात मधुभाऊ सख्ख्या मेहुण्याचा साखरपुडा विसरले. त्यांची बायको, आमच्या सुमनवहिनी, एवढंच म्हणाल्या, "एकदा चुकलो म्हणा, विषय संपला." पण मधुभाऊंनी हा शब्द जन्मात उच्चारला नव्हता. उलट म्हणाले, "तारीखच चुकीची धरली तुझ्या भावाने!"

वहिनी धुळ्याला माहेरी निघून गेल्या. महिना झाला. मधुभाऊ टपरीवरच जेवायला लागले. कोट ढगळ व्हायला लागला.

मग मेहुण्याबरोबर निरोप आला: "नाटक बघायला येते. घरी हार मानता येत नाही, स्टेजवर तरी येते का बघू. नीट जमलं तर घरी येईन. नाहीतर त्याच बसने परत."

मधुभाऊंनी मला बाजूला घेतलं. "ती समोर असल्याशिवाय मी शरण जाणार नाही. तू पडद्याच्या फटीतून लक्ष ठेव."

*

आणि प्रयोग! मैदान खचाखच भरलेलं. दोन अंक पार पडले, पण धुळ्याची बस पारोळ्याच्या पुढे पंक्चर. समोरच्या हॅलोजनमुळे मधुभाऊंना प्रेक्षकांतलं कुणी दिसेना. तिसरा अंक आला. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि विंगेत माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही.

वर जाणारा रुमाल हवेतच थांबला. मग मधुभाऊ पुढे झाले, शेठजींचा हात धरला आणि रुमाल दोघांच्या हातांवर पसरला!

आमच्याकडे बैलबाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडाने अक्षर बोलायचं नाही. मैदानात सगळ्यांना कळलं, युद्धाचा सौदा सुरू झाला. शेठजी नाटक विसरले. तीन पिढ्यांचा व्यापारी तो, रुमालाखाली हात गेला की सोडतोय होय! भुवया वर जातायत, माना हलतायत. एकदा शेठजी हात झटकून चालायलाच लागले, मधुभाऊंनी कोटाला धरून परत आणलं.

मागून एक आबा ओरडले, "जर्मनी बठ्ठा इकी टाका का, भाऊ?" म्हणजे, सगळा विकून टाकला का!

सर विंगेत कपाळ धरून म्हणाले, "अरे, दोन वर्षं म्हणालो होतो, हे तर संपतच नाही!"

शेवटी मी मान हलवली. हो.

मधुभाऊंनी रुमाल काढला, वर धरला, आणि हॅलोजनच्या पलीकडच्या अंधाराकडे तोंड करून म्हणाले, "चुकलो. शरण आलो."

बायकांच्या बाजूला सुमनवहिनी उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मान्य शे!"

*

आता ती खोटी जागा. बस पंक्चर झाली, हे मी रचलं. बस वेळेवर आली होती. पहिल्या अंकालाच मी फटीतून पाहिलं, तर वहिनी तिसऱ्या रांगेत बसलेल्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तिसऱ्या अंकात ते बोट खाली आलं, तेव्हाच माझी मान 'हो' म्हणाली.