आठवी इथंच भरणार

आशा माझी धाकटी जाऊ. दीर तिला लग्न करून घेऊन आला तेव्हा मीच कुरकुर केली होती, की ही बाई घरात आणली का लाउडस्पीकर. बोलायला लागली की मागच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. पुढं त्याच आवाजाला अख्ख्या वस्तीनं डोक्यावर घेतलं, आणि त्याच आवाजापायी ती स्वतःच्या नजरेतून उतरली. लोक आता तिच्याबद्दल काहीबाही बोलतात म्हणून सांगते. नाहीतर घरातलं चव्हाट्यावर मांडायची मला काय हौस आलीय?

आमची वस्ती पडेगावच्या पलीकडं, दौलताबाद रोडला लागून. वस्तीत जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. आशा तिथं पोरांची खिचडी शिजवायची. चुलीवर दोघीजणी होत्या, त्यात ही मागून लागलेली. शाळेतल्या पोरांचा आकडा, म्हणजे पट, खाली आला की एकीला घरी बसवतात, आणि ती पाळी हिचीच होती. कामाला लागली त्या दिवसापासून तिला हे ठाऊक होतं.

शाळेचे हेडमास्तर पुंजाराम गुरुजी. माणूस कडक, पण इमानाचा. पालकांच्या ग्रुपवर ते सूचना लिहायचे आणि कुणी वाचायचं नाही. कोण वाचणार? अर्धे बाप वाळूजला कंपनीत शिफ्टला, आया पेरूच्या गाड्यावर नाहीतर दुसऱ्याच्या रानात. गुरुजी बेजार झाले. मग एक दिवस त्यांनी आशाला चुलीपासून उठवलं आणि मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. रविवारी विहारात वंदना तीच घ्यायची, तिचा आवाज सगळ्या वस्तीच्या कानात बसलेला. तेव्हापासून शाळेची प्रत्येक खबर आशाच्या आवाजात जायला लागली. लस आहे, मीटिंग आहे, पुस्तकं आली. बायका भाकऱ्या थापता थापता ऐकायच्या, आणि आशा म्हणते म्हणजे खरंच असणार, असं धरून चालायच्या. गुरुजींचा एक नेम होता. तिनं बोललेलं आधी स्वतः ऐकायचे, मगच ग्रुपवर पाठवू द्यायचे. ती काहीतरी पदरचं घालायची, ते पुसून पुन्हा बोलायला लावायचे. हिला राग यायचा. घरी येऊन म्हणायची, म्हाताऱ्याला माझ्यावर भरोसाच नाय.

मे संपता संपता गुरुजी रिटायर झाले. नवं कोण येणार ते वरून ठरलं नव्हतं, म्हणून शाळेचा कारभार राजेंद्र सरांकडं आला. सर तरणे आणि मनानं मऊ, कुणाला नाही म्हणायचं जिवावर यायचं त्यांच्या. त्या वर्षी आपल्याच शाळेत आठवीचा वर्ग मिळावा म्हणून मागणी गेलेली होती. सातवी झालेल्या पोरींच्या आया रोज नळावर आशाला धरायच्या. आठवी होणार का? नवे साहेब कधी येणार? पोरीचा दाखला काढू का राहू देऊ?

सरांनी तिला सांगितलं ते साधं होतं. मंजुरीचं काम चालू आहे, थोडं थांबा, एवढंच बोला म्हणाले. आणि मग हळूच म्हणाले, की आठवीचं काही खरं दिसत नाही, पण हे बाहेर बोलू नका, मोठ्या पोरींमागं धाकटी भावंडं पण गळाली तर हेडमास्तरची जागाच जाईल आणि नवं कुणी येणारच नाही. एवढं बोलून ते मीटिंगला निघून गेले. मोबाइल आशाच्या हातात आणि ऐकून घ्यायला कुणीच नाही.

तिनं बोललेलं मी माझ्या मोबाइलवर ऐकलं, मशीनवर ब्लाउज शिवत होते. "बायांनो, मी आशा बोलते, शाळेतून. घाबरायचं काय कारण नाय. आठवी इथंच भरणार. कुणी दाखले काढू नका, पोरी लांब धाडू नका. मी सांगते ना."

किती गोड बोलली. मला पण खरंच वाटलं. सरांनी संध्याकाळी ऐकलं म्हणे, आणि ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे झाले.

आमच्या घरापासून चार घरं सोडून साळूबाई राहते. तिचा नवरा सांडू, थोडी शेती, आणि रोडला पेरू-सीताफळाचं दुकान, म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री. सांडू शाळेच्या समितीवर होता. त्यांची पोरगी श्रेया, अभ्यासात हुशार, बोलायला फटकळ. खुलताबादला मुलींच्या वसतिगृहात तिची जागा धरून ठेवलेली होती, तिथल्या शाळेत आठवीला नाव पक्कं झालेलं. सांडू पोरीला लांब ठेवायला तयार नव्हता, साळूबाईनं वर्षभर डोकं फोडून त्याला कसंबसं कबूल केलं होतं. पोरीचे कपडे भरून झाले होते. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं आणि आशाचा निरोप आला.

सांडूचा जीव भांड्यात पडला. आशावहिनी खोटं बोलणार नाय, म्हणाला, घराजवळ आठवी होणार तर लेक परक्या गावी कशाला? श्रेयानं लई रडारड केली. मला जाऊ द्या, मंजुरी आल्यावर परत ये म्हणा, असं ती बापाला विनवत होती. मी दारात उभी राहून ऐकलं. पण सांडू बधला नाही. वसतिगृहातली जागा दुसऱ्या पोरीला गेली.

जुलैत कळलं, आठवी नामंजूर. राजेंद्र सरांनी हात वर केले, म्हणाले मी तर थांबा एवढंच सांगा म्हटलं होतं, पण ते कुणाला खरं वाटलं नाही. ज्यांच्या घरी गाडी होती त्यांनी पोरी शहरात घातल्या. श्रेया ताडपत्रीखाली बसली, वेरूळला जाणाऱ्या गाड्यांना पेरू विकायला.

तेव्हापासून आशा बदलली. आधी मला वाटलं, उन्हाचं असेल, नाहीतर वयाचं. रोडनं जायचं सोडून नाल्याच्या बाजूनं जायला लागली. शाळेत पोरांना वाढून झालं की चुलीवरच्या बाया घासभर खातात, ही तशीच उपाशी घरी यायची. साळूबाई समोरून आली तर पदर सावरत घरात घुसायची. मी विचारलं तर अंगावर यायची. आणि एवढी बडबडी बाई, घरात मुक्यासारखी वावरायची. मला तर त्या शांततेचाच वैताग आला.

मग एका रविवारी विहारात पंचशील चाललं होतं. ही पुढं म्हणते, आम्ही मागून. तीन शीलं झाली. चौथं, मुसावादा, खोटं बोलणार नाही. तिथं हिचा आवाजच फुटेना. सगळे थांबले. लहान पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी मीच मागून म्हटलं आणि पुढं नेलं, पण मला तेव्हाच कळलं की हिचं दुखणं अंगाचं नाय.

घरी येऊन दार लावलं आणि तिला समोर बसवलं. तिनं सगळं सांगितलं. सरांनी तिला हळूच काय सांगितलं होतं ते पहिल्यांदा मला कळलं. सगळी वस्ती समजत होती की सरांनी आशाला फसवलं, आणि तिला बिचारीला काय ठाऊक. तिला ठाऊक होतं. पट घसरला की आपली चूल जाणार, म्हणून ती बोलली होती.

मला राग आवरला नाही. नाही नाही ते बोलले मी तिला. एका पोरीचं वर्ष तू तुझ्या खिचडीच्या पातेल्यात घातलंस, असंसुद्धा बोलले. मी म्हटलं, जा आणि साळूबाईला सांग. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि उंबऱ्यावरच बसून राहिली. पुढं किती वेळा निघाली आणि कोपऱ्यावरून परत आली, ते मला माहीत आहे. खोटं बोलायला तिला एक मिनिट लागलं होतं, आणि खरं बोलायला तिचे पाय उचलत नव्हते.

सीताफळं निघायला लागली तेव्हा शाळेत नव्या हेडमास्तरीण आल्या, निशा मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी आशाला बोलावलं. लोक तुमच्या आवाजावर येतात म्हणे, माझी ओळख तुम्हीच सांगा, शाळेत काय काय बदलणार ते तुमच्याच आवाजात जाऊ द्या. आशानं हात जोडले आणि नाही म्हणाली. मॅडमना वाटलं, बाई लाजते.

पण मॅडम कामाच्या निघाल्या. सातवी होऊन कोण कोण घरी बसलंय याची त्यांनी घरोघर जाऊन चौकशी केली. सांडूच्या दुकानावर जाऊन सांगून आल्या, की वर्ष गेलं असं समजू नका, कायद्यानं कधीही दाखल करून घेता येतं, शहराजवळ छावणीत हायस्कूल आहे, तिथं मी बोलते.

दुसऱ्या दिवशी साळूबाई आमच्याकडं आली. पदरात सीताफळं घेऊन. आशा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती, तिला पळायला जागाच मिळाली नाही.

साळूबाई बसली आणि तिनं सगळं सांगितलं. सांडू आता तयार होता. रिक्षा लावून देतो म्हणत होता. पण पोरगीच अडून बसली होती. समितीवर बाप होता, त्याला सगळं ठाऊक होतं, त्यानंच आशामावशीला तसं बोलायला लावलं, असं श्रेयाच्या डोक्यात बसलं होतं. मला मुद्दाम अडकवलं आणि आता उपकार दाखवतो, म्हणून ती बापाशी बोलायची बंद झाली होती. तो ताटावर बसला की ती उठायची. त्यानं सांगितलेल्या शाळेत पाय ठेवणार नाही म्हणायची. सांडू रात्रंदिवस झुरत होता.

"तू चल," साळूबाई आशाला म्हणाली. "तिला एवढंच सांग, की बाप तुझ्याकडं कधी आला नव्हता. तुला बी सरांनीच फसवलं. तू तरी काय करणार होतीस? नाहक अंगाला लावून घेतलंस तू, वाळून गेलीस."

मी आशाकडं बघितलं. सुटायची वाट साळूबाईनं स्वतःच्या हातानं करून दिली होती. तेवढं बोलली असती तर पोरगी शाळेत गेली असती, आणि हिच्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. मी तोंड उघडणार नव्हते, खरं सांगते. माझ्या मनात आलंच, की ही आता हो म्हणेल.

आशानं सूप खाली ठेवलं.

"मला कुणी फसवलं नाय, साळू. सरांनी सांगितलं होतं मला, आठवीचं खरं नाय म्हणून. मला ठाऊक असताना मी बोलले. माझं काम जाईल म्हणून बोलले."

सीताफळं साळूबाईच्या पदरातच होती. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, झिंज्या धरेल, आणि मी मधी पडणार नव्हते. ती सीताफळं तशीच घेऊन उठली.

"मग हेच चल सांगायला," म्हणाली.

आम्ही तिघी रोडनं गेलो. आशा इतक्या दिवसांनी त्या रस्त्यानं चालत होती. दुकानावर एका गाडीवाल्याला श्रेया फळं देत होती, आणि सांडू मागं क्रेट उतरवत होता. गाडी जाईपर्यंत आम्ही बाजूला थांबलो. मग आशा पुढं झाली आणि तिनं जसंच्या तसं सांगितलं, काही पदरचं घातलं नाही. बाप कधी आला नव्हता, सरांनी थांबा एवढंच बोलायला सांगितलं होतं, बाकीचं मी केलं. बोलताना तिचा आवाज इतका बारीक होता की रोडवरच्या ट्रकांत अर्धा बुडत होता. सांडूच्या हातातलं क्रेट हातातच राहिलं.

श्रेयानं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, मी पहिलीपासून तुमच्या हातचं जेवले," एवढंच म्हणाली.

मग तिनं तोंड फिरवलं, हात ओढणीला पुसले आणि बापाजवळ गेली.

"बाबा, त्या शाळेची रिक्षा कुठून बसायची?"

सांडूनं क्रेट खाली ठेवलं. साळूबाईनंच काहीतरी सांगितलं, आणि ती तिघं ताडपत्रीखाली एकमेकांत बोलायला लागली. आम्हाला कुणी बसा म्हणलं नाही, जा पण म्हणलं नाही. आशा रस्त्याच्या कडेलाच रडायला लागली, गाडीवाल्यांनी थांबून बघावं अशी मोठ्यानं. मी तिला गप बस म्हटलं नाही.