अंगठ्याचे नख

गल्लीच्या तोंडाशी घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. लहानथोर सर्वजण त्यांना आजोबा म्हणतात. खरे आजोबा मात्र ते गेल्या महिन्यात झाले, आणि तेही ठरलेल्या दिवसाच्या दोन महिने अगोदर.

नातीचे वजन जेमतेम दीड किलो. दूध ओढून पिण्याची ताकद तिच्यात नव्हती. आईचे दूध काढून दर दोन तासांनी चमच्याने पाजावे लागे. लेक ऑपरेशनने खचलेली, जावई दूरच्या नोकरीवर. दवाखान्यातल्या परिचारिकाबाईंनी स्पष्ट सांगितले, "घरात पाजणारं दुसरं माणूस तयार झालं, तरच बाळाला सोडू."

आधी विहीणबाई पुढे सरसावल्या. पण त्यांचा हात कापतो. निम्मे दूध मांडीवरच सांडले.

"व्याहीबुवा, आता तुम्हीच," त्या म्हणाल्या. "जन्मभर मुंगीएवढे स्क्रू उचललेत. नातीला चार थेंब पाजणं जड जाणार का?"

आजोबा मनातून सुखावले. हात स्थिर ठेवणे हीच तर त्यांची विद्या. परंतु परिचारिकाबाईंनी त्यांचे हात उलटसुलट करून पाहिले आणि त्या उजव्या अंगठ्यापाशी अडल्या.

"हे एवढं नख?"

"यानं घड्याळाचं झाकण उघडतो, बाई. तीस वर्षं राखलंय."

"झाकण सुरीनं उघडा. बाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे."

आजोबा दुकानात परतले. नख कापताना आपण आपलेच हत्यार मोडतो आहोत, असे त्यांना वाटले, तरी कापले. मग रिकाम्या वाटीत चमच्याने पाण्याचे थेंब सोडण्याचा सराव सुरू केला. सगळे थेंब सारखे, सगळ्यांमधले अंतर सारखे. एका गिऱ्हाइकाने विचारले, "आजोबा, घड्याळाला पाणी पाजताय की काय?" त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाळाचे डोके उंच धरून त्यांनी मांडीवर घेतले. पहिले तीन थेंब शिस्तीत पडले. चौथ्याला बाळ ठसकले. ओठ निळसर झाले. परिचारिकाबाईंनी चटकन चमचा दूर केला, बाळाला कुशीवर घेऊन पाठ चोळली. हळूहळू रंग परतला.

आजोबांना दरदरून घाम फुटला. "माझ्यानं नाही व्हायचं हे."

"बाबा," खाटेवरून लेक म्हणाली, "मग आम्ही घरी कधी यायचं?"

उठू लागलेले आजोबा पुन्हा खाली बसले.

परिचारिकाबाई शेजारी बसल्या. "हात उत्तम आहे तुमचा. पण तुम्ही चमच्याकडे बघत होता. तिच्या तोंडाकडे बघा. आणि श्वास का रोखून धरलात?"

काम बारीक असले की श्वास रोखायचा, ही त्यांची जुनी सवय. ती त्यांच्या ध्यानातही आली नव्हती.

"तुम्ही मोकळा श्वास घ्या, म्हणजे तिचा कळेल. थेंब टाकू नका. ओठाला चमचा लावा आणि थांबा."

पुढच्या वेळी आजोबांनी चमचा खालच्या ओठाला टेकवला आणि ते थांबले. बराच वेळ काहीच घडले नाही. मग लहानशी जीभ बाहेर आली, दुधाला लागली, गळा हलला. बाळ विसावले, आजोबाही विसावले. मध्येच तिला डुलकी लागली, तेव्हा कापलेल्या नखाच्या अंगठ्याने त्यांनी तिचा तळवा हळूच चोळला. ती पुन्हा पिऊ लागली. जन्मभर त्यांनी घड्याळांना चालायला लावले होते. कोणाच्या तरी चालीने आपण चालणे हे मात्र नवे होते.

वाटी रिकामी झाली. परिचारिकाबाईंनी कागद घेतला. "किती वेळ लागला?"

आजोबांनी मनगटाकडे पाहिले. घड्याळ हात धुताना काढून ठेवले होते.

"ते काही बघितलं नाही, बाई."

बाई हसल्या. "असंच उद्या दिवसभर पाजा. डॉक्टरांनी बघितलं की परवा घेऊन जा."

"व्याहीबुवांना वेळ सांगता आली नाही," विहीणबाई म्हणाल्या, "हे गल्लीत कोणाला पटायचं नाही हो!"

आजोबांचे तिकडे लक्षच नव्हते. ते बाळाच्या श्वासाबरोबर श्वास घेत बसले होते.